न उघडलेल्या गिअरबॉक्सचा अंदाज : गिरगाव ते चिंचपोकळी

प्रथम वार आणि व्यक्ती.

माघातला पहिला सोमवार. फोर्टातील एका मोटार कंपनीचे सर्व्हिस मॅनेजर. अपराध : एकही झाकण न उघडता माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला मृत्यूचा दाखला देणे.

त्याच आठवड्यातला बुधवार. दादरचे एक मोटार-सामानाचे दुकानदार. अपराध : लाकडाच्या भुशाचा सल्ला देणे, आणि तो देताना हसणे.

त्यापुढील मंगळवार. या दिवशी टपालखात्याचा काहीही दोष नव्हता हे नमूद करणे न्यायाचे आहे. त्या दिवसाचा अपराधी प्रस्तुत लेखक असून त्याने आपली शिक्षा चिंचपोकळीपर्यंत पायी जाऊन भोगलेली आहे.

गिरगावातून चिंचपोकळीस जाणे हा प्रवास कसा, असा आक्षेप कोणी घेईल. मी पाच पिढ्यांचा गिरगावकर आहे. पस्तीस वर्षे एका इंग्रज सॉलिसिटरच्या कचेरीत मुख्य कारकुनी केली. घर, कचेरी, हायकोर्ट आणि चौपाटी या चतुःसीमेबाहेर माझे जाणे क्वचितच झाले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत भायखळ्याच्या पुढे मी दोनदाच गेलो होतो, आणि दोन्ही वेळा कोणाच्या तरी लग्नाला. तेव्हा हा प्रवासच होता, आणि जे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी तो मी लिहीत आहे.

गाडीविषयी थोडे सांगितले पाहिजे. साहेब विलायतेस कायमचे परत गेले तेव्हा जाताना त्यांनी आपली जुनी काळी गाडी मला दिली. चालवायला मी पन्नाशीनंतर शिकलो. ताशी वीस मैलांपलीकडे मी तिला कधी नेलेले नाही. गेल्या मार्गशीर्षापासून ती दुसऱ्या गिअरमध्ये टिकेनाशी झाली आणि आतून घरघर ऐकू येऊ लागली. चढउतारावर असताना दांडा आपोआप मागे येई, खटकन आवाज होई आणि गाडी मोकळी सुटे. मुंबईच्या सपाट रस्त्यावर ही नुसती कटकट. कोकणच्या घाटात हाच प्राणांतिक प्रसंग.

आणि आम्हाला घाटातच जायचे होते. माझ्या सासूबाई खेडच्या पलीकडे एका वाडीत राहतात. वय ऐंशीच्या वर. पौषात त्यांनी शेजाऱ्याकडून चार ओळी लिहवून पाठविल्या : "डोळ्यांपुढे धुके वाढत चालले आहे. वैद्य म्हणतो, आता उपाय नाही. दिसते आहे तोवर एकदा येऊन तोंड दाखव." आमच्या कुटुंबाच्या कमरेचे हाड दोन वर्षांपूर्वी मोडलेले. तिला एस. टी.च्या पायऱ्या चढवत नाहीत, आणि बंदरात बोटीतून हलत्या लहान पडावात उतरणे तर स्वप्नातही शक्य नाही. राहिली ही गाडी. वाटेत कशेडीचा घाट. आणि दुसरा गिअर टिकत नव्हता.

फोर्ट

कंपनीचे वर्कशॉप पाहून मी प्रथम प्रसन्न झालो, हे कबूल करतो. जमीन पुसलेली, कामगारांच्या अंगावर एकसारखे निळे पोशाख, आणि मॅनेजरच्या टेबलावर टाइपरायटर. मॅनेजरांनी गाडी अंगणात एक फेरी चालवून पाहिली आणि अर्ध्या तासात छापील कागदावर टाइप केलेला अंदाज माझ्या हाती ठेवला. गिअरबॉक्स संपूर्ण बदलावा लागेल. अकराशे पन्नास रुपये. सामान विलायतेहून येण्यास तीन महिने.

"आपण आत काय पाहिलेत?" मी विचारले.

"आम्हाला आवाजावरून कळतं," ते म्हणाले.

त्या क्षणी मी उठून निघायला हवे होते. मी उठलो नाही. कागदावर शिक्का होता, सही होती, अनुक्रमांक होता, आणि पस्तीस वर्षे ज्या माणसाने शिक्का, सही आणि अनुक्रमांक यांवर पोट भरले तो अशा कागदापुढे नरम पडतो. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी येऊन कुटुंबाला वाचून दाखविला. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना तिच्या हातात पाटल्या नव्हत्या. त्या रुमालात बांधून तिने माझ्या उशीखाली ठेवल्या होत्या.

"आणि तीन महिन्यांचं काय करायचं?" एवढेच तिने विचारले. "ते कशात बांधून देऊ?"

दादर

दुसरे मत घ्यावे म्हणून बुधवारी ट्रामने दादरला गेलो. दादरची माणसे आम्हा गिरगावकरांना जरा जुनी समजतात. आम्हीही त्यांना जरा नवी समजतो. उपाहारगृहात मिसळ मागविली तर पुढे आलेल्या बशीत शेव इतकी, की खाली मिसळ आहे याचा पुरावा मिळण्यास वेळ लागला. पण चव अशी, की फिर्याद मी जागीच मागे घेतली.

ज्यांच्याकडे गेलो ते दुकानदार मोटारीचे जुने सुटे भाग विकतात. त्यांनी माझे म्हणणे ऐकले आणि म्हणाले, "काका, कशाला खर्चात पडता? गिअरबॉक्समध्ये मूठभर बारीक भुसा टाका. आवाज गप्प. मग विकून टाका कुणाला तरी."

"आणि ज्याला विकेन तो?"

"तो जाईल दुसऱ्याकडे!" आणि ते हसले.

माझ्या चेहऱ्याकडे पाहून शेजारी टायर निवडत असलेले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "चिंचपोकळीला घाडी मिस्त्रीकडे जा. पूर्वी गिरणीत फिटर होता. तोंडाने फाटका आहे, पण हाताने नाही."

चिंचपोकळी, पहिली खेप

गाडी पहिल्या गिअरमध्ये रखडवीत मी शुक्रवारी चिंचपोकळीस पोहोचलो. स्टेशनच्या जवळ, एका चाळीच्या तळमजल्यावर सावळाराम घाडी यांचे दुकान आहे. बाहेरच्या भिंतीवर डांबराने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असे लिहिलेले. अक्षर वळणदार होते, आणि इतक्या खडबडीत भिंतीवर एकाही अक्षराचा काना तिरका नव्हता, हे मी मुद्दाम पाहिले.

मिस्त्री पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी मला बाकावर बसविले आणि प्रश्न सुरू केले.

"गेर सुटतो तो पेट्रोल दाबल्यावर, की पाय काढल्यावर?"

"दोन्ही वेळा."

"घाई नको. आठवून सांगा, साहेब."

मी आठवले. पाय काढल्यावर जास्त.

"क्लच दाबला की घरघर थांबते?"

"थांबते."

"गाडी तापल्यावर वाढते, की सकाळपासून तेवढीच?"

हायकोर्टात नामवंत बॅरिस्टरांच्या उलटतपासण्या मी ऐकल्या आहेत. इतकी नेमकी क्वचितच ऐकली. त्यानंतर मिस्त्री गाडीखाली सरपटले, गिअरबॉक्समधले तेल पत्र्याच्या घमेल्यात सोडले, दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक त्यातून फिरविले आणि बाहेर येऊन ते मला दाखविले. त्यावर काळी भुकटी होती. तुकडा एकही नव्हता.

"दात तुटला असता तर इथं खडा लागला असता. बहुतेक दात शाबूत आहेत. बहुतेक म्हणतो हां, शपथ घेत नाय."

"मग खर्च किती येईल?"

"खोलल्याबिगर आकडा देत नाय. पण तयारी किती ठेवायची ते सांगतो. नुसती स्प्रिंग ढिली होऊन बसली असली तर चाळीसात भागेल. बेरिंग गेलं असलं तर एकशेदहा धरा. आणि माझं नशीब फुटकं असून दात गेलेच असले तर अडीचशे. तिन्हीची तयारी ठेवून या. खोलताना तुम्ही समोर बसायचं. मालक समोर नसला तर मी पाना उचलत नाय."

"हे मला लिहून द्या," मी म्हणालो.

"तोंडानं सांगितलं ना?"

"तोंडी कराराला पुरावा नसतो."

"वकीलसाहेब, पुरावा गाडीच्या पोटात आहे. खोलू तेव्हा दोघं मिळून बघू."

मी वकील नाही हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पुढेही मला वकीलसाहेबच म्हणत राहिले.

गाडी तिथेच ठेवून मी घरी आलो. तीन पाकिटे घेतली, एकात चाळीस, दुसऱ्यात एकशेदहा आणि तिसऱ्यात अडीचशे रुपये मांडण्याची व्यवस्था केली. तिसऱ्यासाठी बँकेतली ठेव मोडावी लागणार होती, पाटल्या नव्हे. इथवर सर्व ठीक होते. मग मी लेखणी उचलली.

रजिस्टर पत्र

पत्र दोन पृष्ठांचे होते. "आपण तोंडी दिलेल्या तीन पर्यायी अंदाजांची लेखी खातरजमा पत्र मिळाल्यापासून तीन दिवसांत करावी, न केल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल" अशी त्याची अखेर होती. ही अखेर मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिली आहे की ती लिहिताना माझा हात विचारत नाही. पत्र रजिस्टर केले आणि पोचपावती जोडली.

"कुणाला? त्या मिस्त्रीला?" कुटुंब म्हणाले. "अहो, गाडी त्याच्याकडे, गरज आपली, आणि धमकी त्यालाच?"

"ही धमकी नव्हे. ही पद्धत आहे."

"उद्या मी आमटीत मीठ घातलं की नाही त्याचीही पोचपावती मागा."

मंगळवारी पत्र परत आले. त्यावर लाल शाईत शेरा होता : 'घेण्यास नकार'. कायद्याच्या दृष्टीने पत्र नाकारणे म्हणजे ते पोहोचणेच. व्यवहाराच्या दृष्टीने, ज्याने नाकारले त्याच्या मनात काळेबेरे आहे. अशी माझी पस्तीस वर्षांची समजूत. मी काठी उचलली.

त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. ट्राम बंद. माझी सहानुभूती हरताळाला होती आणि आहे. परंतु दुरुस्तीचे वर्कशॉप 'दुकान' या संज्ञेत मोडत नाही, असा अर्थ मी मनाशी लावला आणि पायी निघालो. खेतवाडी, नागपाडा, भायखळा. रस्ते इतके मोकळे, की पहिल्यांदाच मला दोन्ही बाजूंच्या घरांचे वरचे मजले दिसले. गॅलऱ्यांतून माणसे उभी होती. भायखळ्यास एका स्वयंसेवकाने अडवून विचारले, "आजोबा, कुठं?"

"गिअरबॉक्स पाहायला."

त्याने माझ्याकडे दयेने पाहिले आणि प्यायला पाणी दिले.

दोन तासांनी, घामाने निथळत, मी मिस्त्रींच्या दारात उभा राहिलो आणि परत आलेले पाकीट त्यांच्यापुढे धरले. "याचा अर्थ काय?"

मिस्त्री काही बोलण्याआधी आतून त्यांची पत्नी बाहेर आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. पाकिटाकडे पाहून ती दोन पावले मागे सरली आणि मग माझ्यावर तुटून पडली.

"तां माका दाखवू नको! मीच सांगलंय टपालवाल्याक, ह्या दारात रजिस्टर आणू नको म्हणान. गिरणीतसून ह्येंका काढलो, तेवा असोच कागद इलो. जागेच्या मालकान खोली खाली करूक सांगली, तेवा असोच कागद इलो. आता तू कोण? गाडी दुरुस करूक देतंस काय आमका रस्त्यार आणतंस?"

"अगो, वकीलसाहेब ते," मिस्त्री म्हणाले.

"वकील म्हणानच म्हणतंय!"

पस्तीस वर्षांत अशी किती पाकिटे मी माझ्या हाताने डकवून पाठविली असतील? पोचपावतीवर येणारी सही मी नेहमी तपासली. ती सही करताना दारात कोण उभे होते, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही. मी पाकीट फोडले आणि पत्र मोठ्याने वाचून दाखविले. 'परिणामांस आपण जबाबदार राहाल' हे शब्द मी खाली मान घालून वाचले.

"एवढाच?" बाई म्हणाल्या. "चाळीस, एकशेदहा, अडीचशे? हे तर ह्येंनी सांगलेलाच आसा."

"होय. माझी चूक झाली, बाई. क्षमा करा."

हाताचे पीठ झटकत त्या म्हणाल्या, "गिरगावातसून चलान इलात? जेवलात काय?"

मी मिस्त्रींना विचारले, आता आलोच आहे तर खोलायचे का.

"पान्याला आज सुट्टी, वकीलसाहेब. आज जेवायचं."

तेव्हा जेवलो. तांदळाची भाकरी, बांगड्याची आमटी, सोलकढी. आमच्याकडे बांगड्याला चिंच आणि लसूण. इथे ओला नारळ वाटून घातलेला आणि वर तिरफळ. तिरफळ दाताखाली आले आणि जीभ बधिर झाली. मी थबकलो तशी बाई हसल्या. "तां चावूचा नसता. बाजूक काढून ठेवा." हे कोणीतरी आधी लेखी कळवायला हवे होते, असे मी म्हणालो, आणि मिस्त्री इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या वाढीला मी नाही म्हटले नाही. तिसरीलाही नाही.

खोलणे

गुरुवारी गिअरबॉक्स खोलला. मी समोर स्टुलावर. मिस्त्रींनी जमिनीवर पांढरे धोतर अंथरले आणि निघेल तो भाग निघाल्या क्रमाने त्यावर मांडला. न्यायालयात मुद्देमाल मांडतात तसा. प्रत्येक दात त्यांनी मला बोटाने चाचपायला लावला. सर्व शाबूत. पकड धरणारी स्प्रिंग मात्र बसली होती, आणि एक बेरिंग माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "हलवा." ते सैल दातासारखे हलले.

मग मिस्त्री उठले, खिशातून खडू काढला आणि दुकानाच्या दाराच्या आतल्या बाजूस मोठ्या अक्षरांत लिहिले : 'काळी गाडी. स्प्रिंग, बेरिंग. एकशे अठरा.' त्या दारावर आणखी चारपाच गाड्यांचे असेच लेख होते. ज्यांचे काम झाले त्यांच्यावर रेघ मारलेली. दार उघडले की जाणाऱ्यायेणाऱ्याला दिसेल असे. खोलल्यानंतरचा आकडा दारावर जातो आणि मग तो बदलत नाही, अशी त्यांची रीत.

"एकशेदहा म्हणाला होतात," मी म्हणालो.

"आठ रुपये जुनं तेल फेकून नवं घालायचे. ते मी आधी धरलं नव्हतं. माझी चूक. हवं तर पुसतो."

"पुसू नका," मी म्हणालो.

दुरुस्ती झाल्यावर मिस्त्रींनी गाडी देण्यास नकार दिला. चढावर, आणि तोही भरल्या गाडीने, पाहिल्याशिवाय घाटात जाऊ देणार नाही म्हणाले. चढ मलबार हिलचा ठरला. वजनासाठी त्यांची पत्नी आणि शेजारच्या दोन धिप्पाड बायका मागे बसल्या. गिरगावातून मी आमच्या कुटुंबाला पुढे घेतले, आणि मिस्त्री पायदानावर उभे राहून गिअरबॉक्सला कान देत राहिले. तीन वेळा वर गेलो, तीन वेळा खाली आलो. दुसरा गिअर हलला नाही. चौथ्या वेळी तपासणीची गरज उरली नव्हती, पण मागून फर्मान आले, "आजून येक फेरी मारा ओ, समुद्र बरो दिसता." वर बागेपाशी थांबलो. कमरेमुळे कुटुंबाला उतरता येईना, म्हणून घाडीबाई दारापाशी उभ्या राहून तिच्याशी बोलत होत्या. काय बोलल्या ते मला कळले नाही. परत येताना दोघी माझ्याकडे पाहून हसत होत्या.

खेड

फाल्गुनात आम्ही निघालो. कशेडीच्या चढावर मी दुसरा गिअर टाकला आणि कुटुंबाने डोळे मिटून घेतले. माथ्यावर आल्यावर उघडले. उतारावर मी पेट्रोलवरचा पाय काढला, दांड्यावर हात ठेवला, आणि तो माझ्या हाताखाली स्थिर राहिला.

सासूबाई पडवीत बसल्या होत्या. दोघांनी धरून कुटुंबाला त्यांच्यासमोर पाटावर बसविले. सासूबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळविले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाल्या, "अगं, तुझे केस कधी पांढरे झाले?"

कुटुंब रडू लागले. मी विहिरीकडे गेलो. आम्ही आठ दिवस राहिलो. रोज सकाळी त्या लेकीला उजेडात बसवून तिची वेणी घालीत.

चैत्र संपताना त्यांचे पत्र आले, शेजाऱ्याच्याच अक्षरात. आता दिवस आणि रात्र एवढाच फरक कळतो.

म्हणून मी फोर्टातील त्या मॅनेजरांना येथे, सर्व वाचकांसमोर विचारतो. आपण सांगितलेले तीन महिने वैशाखात संपले. आपण झाकण उघडले नव्हते. ज्या दातांवर आपण मृत्यूचा शिक्का मारलात ते सर्व माझ्या बोटांनी शाबूत लागले. तेव्हा आपण नेमके काय ऐकले, आणि त्यावरून तीन महिन्यांचा आकडा कोणत्या आधारे लिहिला? आपल्या टेबलावरून असे किती कागद गेले, आणि ते खरे मानून किती माणसे घरी बसली, कोणाकोणाला भेटायला गेली नाहीत? याचे उत्तर मला खाजगी नको. याच मासिकात, आपल्या नावासह आणि सहीसह, छापून द्या. सासूबाईंना ते आम्ही वाचून दाखवू.